विसावा नमुना

नाव: विनोदिनी. वय: बेचाळीस. सिगारेट: नाही.

बायकोच्या नावापुढं हे 'नाही' चिंतामणीनंच लिहिलं होतं. आदिलाबादच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. सिगारेटच्या धुरानं रक्तातलं क जीवनसत्त्व किती जळतं आणि आवळ्याच्या रसानं किती भरून येतं, हा त्याचा पीएचडीचा विषय. वीस ओढणारे हवे होते, वीस न ओढणारे. न ओढणारे शोधावे लागले नाहीत. प्राध्यापकांच्या बायका होत्या.

आवळे इंद्रवेल्लीच्या बाजारातले. रस विनोदिनी काढायची. ओढणाऱ्यांसाठी बाटल्या, शिवाय चिंतामणीसाठी एक पेला.

पेला घेऊन ती आत आली. पंखा बंद. खिडकी बंद. कागद उडतात.

"तुझा आकडा बिघडला," तो म्हणाला. "बाकी बायकांचा एकाच्या आसपास. तुझा शून्य पूर्णांक तीन."

"अन् दुसऱ्यांदा रक्त काढलं, तवा?"

"तीनच."

"मंग काऊन असं?"

त्यानं बशीत राख झटकली. बशी भरली होती.

त्यानं तिचं नाव खोडलं. तिथं शेजारच्या रमाबाई लिहिल्या. त्यांचा नमुना राखीव होता. मग पेन्सिल थांबली. ओढणाऱ्यांतला एक जण बदली होऊन गेला होता. एकोणीसच उरले होते.

त्यांचे आकडे त्यानं वरून खाली वाचले. शून्य पूर्णांक तीन. चार. तीन. तीन.

नमुना: विसावा. वय: बेचाळीस. सिगारेट:

होय.

"अहो! मी?"

"नाव थोडीच छापतात. बघ, कसा चपखल बसला आकडा."

"अन् रस पिल्यानंतरचा?"

"तो घेऊ बसवून."

त्यानं नवी सिगारेट पेटवली आणि न बघता पेल्यासाठी हात पुढं केला. हात तसाच राहिला. विनोदिनीनं उभ्या उभ्या सगळा रस पिऊन टाकला. घसा तुरट झाला. पदरानं तोंड पुसून ती कागदावर वाकली.

रोजच्या सिगारेटी: बारा.

"कमी लिहिल्या," ती म्हणाली. "वीस लिहा. बारा तर तुमी जेवणाच्या आधीच ओढता."