पाच तासांचा हात

लेकीच्या लग्नाला जायला निघालेली शिंपीण मागल्या वर्षी विमानाचं दार लागायच्या आत घाबरून खाली उतरली होती. लग्न तिच्याविना लागलं. आता परदेशातली तीच लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, आणि डॉक्टरांनी उद्याच ऑपरेशन ठरवलं होतं. ‘रेल्वेने, मग बोटीने गेलीस तर आठवडा जाईल, आई. विमानाने पाच तास,’ धाकट्या लेकाने समजावलं. ‘तिकीट काढ,’ ती म्हणाली. विमान धावू लागलं, तसा तिचा हात पट्टा सोडायला गेला. तोच हात वळवून तिने शेजारच्या मिशीवाल्या गृहस्थांचं मनगट घट्ट धरलं. ‘दादा, लेकीकडे चाललेय. पाच तास हा हात माझा.’ ते दचकले, मग हसले. ‘राहू द्या, ताई. पण जेवण आल्यावर मी कसं खाऊ?’ ‘मी भरवीन,’ ती म्हणाली. तोवर चाकांनी जमीन सोडली होती.