वांगावरची गोळी

त्या सकाळी घरात कुणीच वेळेवर उठलं नाही, कारण उठवणारीच झोपून राहिली होती.

आता ऊन ओट्यापर्यंत आलं होतं आणि स्वयंपाकघरात खटला चालू होता. फिर्यादी नवरा, एकाच पायात मोजा चढवलेला. तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता. साहेबांचा फोन नुकताच येऊन गेल्यामुळे त्याचे कान अजून गरम होते. मुलगी एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने ब्रेड तोंडात कोंबत होती. तिचं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. सासूबाई खिडकीपाशी चहाचा कप धरून गप्प बसल्या होत्या. त्यांनी गप्प बसणं हे या घरात नवलच, पण गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आरोपी मात्र चांगली ताजीतवानी दिसत होती. नवऱ्याला तेच जास्त झोंबत होतं.

"हे बघ," त्याने गोळ्यांची डबी तिच्यापुढे नाचवली. "मेलाटोनिन. झोपेसाठी, असं स्वच्छ लिहिलंय. वांग आलेत गालावर आणि तू झोपेची गोळी खातेस? उद्या गुडघा दुखला तर डोळ्यांत थेंब घालशील!"

"डॉक्टरीणबाईंनी दिलीय," ती म्हणाली. "काही जणींचे वांग याने थोडे फिके झालेत म्हणे. माझे होतीलच, असा शब्द काही त्यांनी दिला नाही. क्रीम लावायचं, टोपी घालायची, गोळी घ्यायची, वेळेवर झोपायचं आणि धीर धरायचा."

"आणि नाही गेले तर?"

"तर नाही गेले. पण मी मध्येच सोडणार नाही."

मुलीच्या वेळी दिवस असताना ते वांग आले होते. बाळंतपण झालं की जातात, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ते गेले नाहीत, उलट गालांवर पाय पसरून बसले. उघड्या तलावावर ती पोहायला शिकवायची आणि तिच्या वाट्याला कायम भर उन्हाची बॅच. वरून ऊन, खालून पाण्यावरून उसळलेलं ऊन. मध्यंतरी एका चिमुरडीने चिखल लागलाय असं समजून तिच्या गालावर ओला अंगठा घासून पाहिला. ती हसली होती. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडली होती आणि डोळे पुसून तिथूनच डॉक्टरांची वेळ घेतली होती.

"अगं, पण मी कधी तुझ्या चेहऱ्याबद्दल काही बोललोय का?" नवऱ्याने आवाज जरा खाली आणला.

"नाही बोललात. पण आरशात रोज मलाच बघावं लागतं ना."

"मग असं कर, गोळी सकाळी घेत जा. आम्हाला उठवलंस, डबे दिलेस, की घे."

"आणि पाण्यात डुलक्या काढू? पोरांना कुणाच्या भरवशावर सोडू?"

मुलगी फिसकन हसली. बापाने डोळे वटारले, पण एकाच पायात मोजा असल्यामुळे त्याचा म्हणावा तसा धाक बसला नाही.

या घरात फोनवर गजर कुणी लावत नसे. जोड्यांच्या कपाटावर एक जुनं गजराचं घड्याळ होतं. ते बंद करायला अंथरुणातून उठावंच लागावं, म्हणून तिनेच ते तिथे ठेवलेलं. ते वाजलं की ती उठायची आणि मग एकेकाला उठवायची. पहिल्या हाकेला नवरा कूस बदलायचा, दुसरीला हुंकार द्यायचा आणि तिसरीला कुरकुरत उठून बसायचा, तिच्यावरच उपकार केल्यासारखा.

"एवढा खणखणीत गजर वाजला आणि हिला ऐकू आला नाही!" तो आता आईकडे वळला. "म्हणजे काय गुंगी असेल त्या गोळीची! आई, तू तरी सांग हिला, सोड म्हणावं हे खूळ."

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"गजर वाजलाच नाही," त्या म्हणाल्या. "मी आधीच बंद केला."

मुलीचा कंगवा केसांतच थांबला.

"पहाटे पाणी प्यायला उठले. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. ही झोपली होती, गालाखाली हात घेऊन, लहान पोरीसारखी. इतकी वर्षं झाली हिला या घरात येऊन, हिला झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. घड्याळाचा खटका खाली केला आणि इथे येऊन बसले."

"मग आम्हाला का नाही उठवलंस?"

"उठवलं की बाबा, पुष्कळ वर्षं! हिच्या आधी या घरात सगळ्यांना मीच उठवत होते. तुझ्या बापाला, तुला, तुझ्या आत्यांना. तेव्हापासून जी झोप मोडली, ती अजून धड लागत नाही. तू कधी विचारलंस?"

नवऱ्याने खाली वाकून दुसरा मोजा शोधायला घेतला.

सून बाहेर गेली आणि घड्याळ घेऊन आली. तिने त्याला चावी दिली, काटा लावला आणि ते नवऱ्याच्या हातात ठेवलं. गोळ्यांची डबी त्याच्याकडून परत घेतली.

"हे आजपासून तुमच्या उशाशी."

"आणि मी नाही उठलो तर?"

"तर साहेब उठवतील."

घड्याळ हातात टिकटिकत होतं. त्याने मोठ्या आशेने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे नको बघूस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि आपला सुरकुतलेला, लख्ख गोरा गाल खिडकीतल्या उजेडाकडे वळवला.

"सूनबाई, जरा नीट बघ गं. माझ्याही गालावर वांगासारखं काही दिसतंय का?"