बयेचा आठवा हात

अंडं टाकीच्या तळाशी होतं, रबरी हात पाण्यावर लोंबत होता, आणि इंजिनिअर टाकीकडे पाठ करून उभा होता.

“तोंड तिकडे कर की!” पुढच्या रांगेतून आत्या ओरडली. आत्याची कुजबुजसुद्धा शेजारच्या इमारतीत ऐकू जायची. ती ओरडली की छताचे पंखे गिरकी चुकायचे. “लग्नातही असाच नवरीकडे पाठ करून उभा होतास!”

पाहुणे हसले. इंजिनिअर वळला, पण त्याची नजर काचेवरून घसरून थेट फरशीवर गेली.

हातात हाड नव्हतं, सांधा नव्हता. हवं तिथे ताठ होऊन तो कोपर करायचा, काम झालं की पुन्हा दोरीसारखा सैल. सगळी करामत ऑक्टोपसच्या हातावरून उचललेली. उद्या तो माणसाच्या पोटात शिरणार होता आणि कशालाही न दुखावता गाठ काढून आणणार होता. आज त्याने एक कच्चं अंडं उचलायचं होतं. उचललं, तर पाहुण्यांचा कारखाना हा हात बनवायला घेणार होता. फुटलं, तर इंजिनिअरची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

त्याच टाकीत, कोपऱ्यातल्या मडक्यात बया राहायची. बया म्हणजे प्रयोगशाळेतली ऑक्टोपस. झाकण उघडून व्हरांड्यात फेरफटका मारणारी, नावडत्या माणसाच्या चष्म्यावर नेम धरून पिचकारी मारणारी. हजेरी घेताना तिचं नाव विसरलं की ती पाण्यातून हात वर करते, असंही लोक सांगत. हात मात्र सातच. आठव्याच्या जागी नुसता थुटका. होडीवाल्याने आणली तेव्हाच अशी होती, असं इंजिनिअरने सांगितलं होतं. संचालकबाईंनी त्या दिवसापासून होडीवाल्याला दारात उभं केलं नव्हतं. रबरी हाताचा साचा बाजारातल्या मेलेल्या ऑक्टोपसवरून घेतला, हेही इंजिनिअरनेच सांगितलं होतं.

आजच्या कामाला त्याला दुसरी टाकी हवी होती. “छे, इथेच दाखवा,” बाई म्हणाल्या होत्या. “अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी दिसू दे.”

त्याने कळ दाबली. हात पाण्यात उतरला, अंड्याभोवती दोन वेढे घातले, चिकटणाऱ्या वाट्या टेकवल्या आणि झोपलेलं तान्हं उचलावं तसं अंडं उचललं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्या उठूनच उभी राहिली.

“अहो बाई, नुसता हुशार नाही हा. खोटं म्हणून बोलायचा नाही लहानपणापासून! ह्याच्या बहिणीच्या कोऱ्या बाहुलीचा हात तुटलेला निघाला. घरातले सगळे ह्याच्यावर तुटून पडले. हा मला म्हणाला, ‘आत्या, दुकानातूनच अशी आली.’ झालं! ह्याला बखोटीला धरलं, तडक खेळणीवाल्याकडे गेले आणि भर रस्त्यात त्याची अशी काढली, अशी काढली! मुकाट्याने नवी बाहुली दिली मेल्याने. गिऱ्हाईकच फिरकेना, शेवटी दुकान गुंडाळून गाव सोडून गेला.”

“आत्या, बस ना आता,” इंजिनिअर पुटपुटला. त्याचे कान तापले होते.

“लाजतो कसला? आईच्या माघारी मी वाढवलाय तुला. तुझ्या शब्दावर मी कुणाशीही भांडेन.”

तेवढ्यात बया मडक्यातून बाहेर आली.

आधी तिने अंडं काढून घेतलं आणि नीट बाजूला ठेवलं. लोक खो खो हसले. मग तिने रबरी हात टोकापासून चाचपायला सुरुवात केली. अगदी हळू. एकेक वाटी, एकेक सुरकुती. वर मुळाशी पोचल्यावर तिने असा हिसका दिला, की हात लोखंडी पकडीतून सुटला.

“राहू द्या, मी काढतो,” इंजिनिअर घाईघाईने पुढे झाला.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

बयेने हाताचं मूळ आपल्या थुटक्याला लावलं.

ते बसलं. जाडीला जाडी आली. वाट्यांच्या रांगेला रांग लागली. थुटक्यावरची एक जुनी तिरकी चीर रबरावर जशीच्या तशी पुढे गेली होती. बयेने धरून ठेवलं. जरा सोडून पाहिलं, हात घसरला. तिने पुन्हा लावला. पुन्हा घसरला. पुन्हा लावला.

आता कुणी हसत नव्हतं. इंजिनिअरला बया आली त्या दिवशीची, जेवणाच्या सुट्टीतली ती रिकामी खोली दिसत होती, हातातलं पातं दिसत होतं, आणि कापल्यावरही तबकात कितीतरी वेळ वळवळत राहिलेला तो हात. ‘बेशुद्ध होती, तिला कळलंच नसेल,’ असं तेव्हा त्याने स्वतःला समजावलं होतं.

बाईंनी चष्मा काढला. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “त्या होडीवाल्याला फोन लावा कुणीतरी.”

इंजिनिअर आत्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला. आता ती ओरडेल, सगळ्यांदेखत थोबाडीत देईल, असं त्याला वाटलं. द्यावी, असंही वाटलं. आत्या टाकीकडे बघत होती. बया अजून हात लावत होती.

मग आत्या बोलली. जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू, की ते फक्त त्यालाच ऐकू आलं.

“म्हणजे त्या खेळणीवाल्याला मी भर रस्त्यात चोर म्हणाले.”