पंख्याखालचं तांबं

तांब्याचा तुकडा पुन्हा खोटं बोलला. उत्तर पॉइंट झीरो नाइन यायला हवं होतं, आलं पॉइंट झीरो एट. सुनेनं पेन्सिल आपटली आणि दोरा बांधलेला तो तुकडा उचलून पुन्हा स्वयंपाकघरातल्या उकळत्या पाण्यात सोडला.

उद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रयोग हाच. तांबं तापवायचं, झटकन गार पाण्यात सोडायचं, पाणी किती तापलं ते बघायचं आणि त्यावरून तांब्याची विशिष्ट उष्णता काढायची. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. पण लग्नानंतर हाताची सवय मोडली होती. तीन रीडिंगं जुळल्याशिवाय तिचा स्वतःवर विश्वास बसणार नव्हता.

चोर कोण ते तिला ठाऊक होतं. ओट्यावर प्रयोग करावा तर गॅसची धग गार पाण्याला लागते, म्हणून पेला बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर. आणि टेबलाच्या डोक्यावर पंखा. गरम तांबं पेल्यात पडायच्या आधीच पंख्याचा वारा त्यातली ऊब पळवत होता.

"मग पंखा बंद कर ना," नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला.

"तूच सांग बाबांना. तीन रीडिंगं जुळेपर्यंत तरी बंद ठेवा म्हणावं."

"मी? माझ्या बापाची टाप नाही!" म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच खुदकन हसला.

तिला मात्र हसू आलं नाही. सासऱ्यांनी उभा जन्म ओतशाळेत भट्टीसमोर काढला होता. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पंखा लावला, तो आजतागायत. थंडीत ते शाल पांघरायचे, पण पंखा चालूच. बाकी माणूस अबोल. सुनेच्या वाट्याला आजवर "हं" आणि "असू दे" एवढंच आलेलं. आपण या घरात त्यांना फारशा पसंत नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. अशा माणसाला पंखा बंद करा म्हणायचं कुठल्या तोंडानं? आताही ते आरामखुर्चीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले होते.

पाणी खदखदलं. तिनं दोरा धरून तुकडा उचलला, फडक्यानं टिपला, लगबगीनं बाहेर नेऊन पेल्यात सोडला आणि वर झाकण ठेवलं. हलक्या हातानं पाणी ढवळलं. बाहेरची खोली भर दुपारीही अंधारी. बल्बच्या उजेडात तिनं डोळे बारीक करून थर्मामीटरचा पारा वाचला. मग आकडेमोड. मग पुन्हा एकदा तपासून आकडेमोड.

पॉइंट झीरो नाइन.

तिनं आनंदानं टाळी वाजवली. तेव्हा कुठे तिला जाणवलं की आपल्या हनुवटीवरून घाम ठिबकतोय. तिनं वर पाहिलं. पंख्याला तीन पाती आहेत हे तिला आज पहिल्यांदाच दिसलं.

सासरे खुर्चीतच होते. सदरा अंगाला चिकटलेला. तोंडावरचं वर्तमानपत्र आता हातात होतं आणि त्यानं ते वारा घेत होते, तेही टेबलाकडे पाठ करून, झुळूक इकडे येणार नाही अशा बेतानं.

"बाबा, पंखा...?"

"लाइट गेलीय," ते मागे न वळताच म्हणाले.

टेबलावरचा बल्ब लख्ख जळत होता. तिनं बल्बकडे पाहिलं, सासऱ्यांच्या घामेजल्या पाठीकडे पाहिलं. तिला हसू आलं आणि भरूनही आलं. तिनं दोरा धरून तुकडा पेल्यातून बाहेर काढला.

"कधी येईल हो, बाबा?"

"तुझी तीन रीडिंगं जुळली की."