लोटूचा पाचवा रविवार

पाचव्या रविवारीही लोटू सकाळी नऊलाच बॉनेट उघडून गाडीत शिरला. बाहेर राहिली ती फक्त त्याची पाठ आणि मागच्या खिशातून लोंबणारं फडकं.

"आज मी काढसच," तो आतूनच म्हणाला.

दारात मेथी निवडत बसलेल्या धुरपदाबाईंनी ते ऐकलं आणि देठांबरोबर पानंही टाकून दिली.

त्या लोटूच्या सासूबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे भेस्तानला आल्या होत्या. डोळा केव्हाच बरा झाला. आता अमळनेरजवळच्या आपल्या गावी परत जायचं होतं. रेल्वे होतीच, पण लोटूने बायकोला बजावून ठेवलं होतं, की मामींना, म्हणजे सासूबाईंना, गर्दीत पाठवायचं नाही, मी स्वतः गाडीने सोडून येणार. आणि नेमकी गाडीच रुसली. इंजिनाच्या मागे, पार खाली, अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो म्हणे. तो तडकला होता. तो बदलल्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती. नवा आणून झाला होता, पण तिथवर हातच पोचत नव्हता.

धुरपदाबाईंना तर देवच पावला होता. गावी होतं काय? दोन खोल्या आणि एक कुलूप. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा नाही, रंजना ही एकुलती एक लेक. तिथे दिवसभरात बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी, तेही अर्धा मिनिट. इथे सकाळी शेजारणींबरोबर पापड, दुपारी नातीची वेणी, संध्याकाळी ओट्यावर गप्पा. त्यांना अजिबात जायचं नव्हतं. पण जावयाच्या घरी कायमचं राहते, असं सासू कुठल्या तोंडाने म्हणणार? जावयाशी तर त्या थेट बोलतही नसत. त्यांच्याकडची रीतच तशी. डोक्यावर पदर घ्यायचा आणि काय असेल ते लेकीमार्फत सांगायचं. लोटूही तसलाच, मान खाली घालून जेवणारा आणि मान खाली घालूनच ताटावरून उठणारा.

मग तिसऱ्या रविवारी बाईंनी एक उद्योग केला. लोटूचा दहा नंबरचा पाना गुपचूप उचलला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. लोटूने दोन मिनिटं इकडेतिकडे पाहिलं, आता पुढच्या रविवारी बघू म्हणाला आणि आंघोळीला निघून गेला. चिडला नाही, कुणाला काही विचारलंही नाही. किती गरीब स्वभावाचा माणूस, असं वाटून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज शेजारच्या चेतनने गॅलरीतून हाक मारली. "लोटूभाई, तुम्ही डोळे मिटून कापडाची अख्खी लूम खोलणारे फिटर. एवढ्याशा सेन्सरला पाच रविवार? माझा मेकॅनिक बोलावू का? दहा मिनिटांत मोकळा करेल."

"रहेवा दो, चेतनभाई," लोटू घाईघाईने म्हणाला. "घरची गाडी आहे, घरीच करू."

धुरपदाबाईंना भरून आलं. सहा दिवस हा माणूस लूमच्या खडखडाटात उभा असतो. सुट्टीचा एकच दिवस, तोही आपल्यापायी असा वाया चाललाय. सासूला घरी पोचवायची बिचाऱ्याला एवढी तळमळ, आणि आपण पाना लपवून बसलोय. शोभतं का हे? त्यांनी मेथी बाजूला सारली. डब्यातला पाना काढला, पदराला पुसला आणि गाडीपाशी जाऊन मुकाट्याने बॉनेटच्या कडेला ठेवला. तो कुठे सापडला, हे लोटूने विचारलं नाही.

"रंजना, त्यास्ले सांग, मना हात बारीक शे. मी काढी देस."

रंजनाला हसू आवरेना. "माय, तू? सेन्सर?"

"लोनचानी बरणीना तळले घरमा कोना हात जास?"

लोटू ताडकन बॉनेटमधून बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "रंजू, मामीस्ले सांग, नको म्हना. पत्रा धारदार शे. हात कापाई जाई."

तो एकदा नाही, चारदा नको म्हणाला. इतकं बोलताना बाईंनी त्याला कधी ऐकलं नव्हतं. सासूला कामाला लावलं म्हणून लाजतोय, त्यांना वाटलं. त्यांनी पदर कमरेला खोचला, पाटावर चढल्या आणि हात इंजिनाच्या मागे घातला. आता माघार घ्यायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. सेन्सर निघाला की उद्याच पिशवी भरायची.

"एकच बोल्ट शे, माय," रंजना मागून सांगत होती. "जुना सेन्सर तेलकट शे, तडकेल शे, असं तुना जवाई सांगत व्हतात."

बोटं एका जाड नळीवरून घसरली, अजून खाली गेली आणि सेन्सरवर टेकली.

कोरडा होता. गुळगुळीत होता. तेलाचा ओघळ नाही, कुठे तडा नाही. वरचा कंपनीचा कागदसुद्धा अजून चिकटलेला होता. बोल्ट पक्का आवळलेला. फक्त वायरीचं टोक सुटं होतं, आणि ते कुणीतरी नीट दुमडून, चिकटपट्टीने बाजूला बांधून ठेवलं होतं.

बाईंनी लोटूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सापडना का, माय?" रंजनाने विचारलं.

धुरपदाबाईंनी हात बाहेर काढला. लेकीच्या लग्नापासूनच्या बारा वर्षांत पहिल्यांदा त्या जावयाशी थेट बोलल्या.

"हात पुरी नही ऱ्हायना, जवाईबुवा. ऱ्हाऊ द्या. मले जावानी काय घाई नही."