कार्डातले चौदा

"दहा दिवसांसाठी महिन्याचा पास नको गो काढूस. वीस दिवस फुकट जातील," सुनंदाकाकी म्हणाल्या.

शेजारची आरोही ओटीच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. संध्याकाळी साडेसातला हातखंब्याहून तिची मुंबईची गाडी होती. दहा दिवसांचं ट्रेनिंग, आणि एकटीने जायची ही पहिलीच खेप. फोनमध्ये बसचे नाना तऱ्हेचे पास दिसत होते आणि तिला काही सुधरत नव्हतं.

"मग आठवड्याचा?"

"तो सातव्या दिवशी संपतो. पुढचे तीन दिवस काय करशील?"

"दिवसाचा रोज काढू?"

"दिवसभर चढ-उतार करणाऱ्याला परवडतो तो. तुझ्या दोन फेऱ्या, जायची नि यायची. दहा-दहाचं तिकीट. आणि काढलासच कधी तर सकाळच्या पहिल्या गाडीत काढ. दुपारी काढलास तरी रात्री बाराला तो संपतोच."

आरोही हसली. "काकी, तू कंडक्टरच व्हायला हवी होतीस. मुंबई न बघता एवढं ठाऊक!"

काकी वाती वळत राहिल्या. मुंबई त्यांनी बघितली नव्हती हे खरंच. त्यांचा राकेश तिथून रोज फोनवर सांगायचा. आई, तू येशील तेव्हा पुढच्या दाराने चढू नकोस. आई, सुट्टे हातात धरून ठेव. ऐकून ऐकून त्यांना ते स्तोत्रासारखं पाठ झालं होतं. राकेश गेल्यालाही आता वर्ष होत आलं. फोटो आतल्या भिंतीवर लागला, आणि काकींचं मुंबईला जायचं राहिलं ते राहिलंच.

"त्यापेक्षा कार्ड बरं," त्या म्हणाल्या. "मशीनला टेकवलं की झालं."

आरोहीने नखाने पायरीचा चिरा खरवडला. "काकी, रागावू नकोस हां. राकेशदादाचं कार्ड आहे ना तुझ्याकडे? आई म्हणाली, विचारून तर बघ."

काकींचा हात थांबला. कार्ड देव्हाऱ्यात होतं, बाळकृष्णाच्या पाठीमागे. रोज पूजेच्या वेळी त्या ते काढायच्या, कोरड्या फडक्याने पुसायच्या नि परत ठेवायच्या.

त्यांनी अंगणात बघितलं. ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. दिवे लागले की घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही, हा नेम त्या लग्न होऊन आल्यापासून पाळत होत्या. मीठ नाही, विरजण नाही, सुईसुद्धा नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर तोंडाने नाही म्हणायची वेळच आली नसती.

"बघते हां," त्या म्हणाल्या, आणि नवा कापूस हातात घेतला.

आरोहीने वाट बघितली. मग हळूच म्हणाली, "नुसतं ठेवून दिलं तर ते बंद पडतं म्हणे, काकी. वर्षातून एकदा तरी वापरायला लागतं."

वर्ष व्हायला पंधरा दिवस होते. काकी उठल्या, देव्हाऱ्यातून कार्ड घेऊन आल्या नि परत बसल्या.

कार्डाचा एक कोपरा तडकला होता. राकेश ते मागच्या खिशात ठेवायचा, बसताना दुमडायचं. आरोहीने दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. काकींना ते बरं वाटलं.

"त्यात चौदा रुपये आहेत," त्या म्हणाल्या. "शेवटच्या फोनात तेच बोलला. आई, कार्डात चौदाच उरलेत, उद्या भरतो."

आरोहीने कार्ड उलटं केलं, मागचा नंबर फोनवर टिपला, दोनदा बोट दाबलं. फोन टिंग वाजला.

"भरले बघ! माझ्या वीस फेऱ्यांचे दोनशे. दादाचं काम मी केलं असं समज." आणि तिने फोन कौतुकाने पुढे धरला. "दोनशे चौदा!"

काकी फोनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अंगठा पुढे नेला आणि दोनाच्या आकड्यावर अलगद धरला. बाजूला चौदा उरले. अंगठा उचलला, परत दोनशे चौदा.

"बाय," त्या म्हणाल्या, "ते मशीन आधी कुठले कापतं गो? जुने की नवे?"

आरोहीने कार्ड बोटांत उलटसुलट फिरवलं.

"आरोहीऽ," गडग्यापलीकडून तिच्या आईने हाक घातली, "गाडी काय तुझ्यासाठी हातखंब्यावर मुक्काम करणार नाय हां!"

"आलेऽ!" ती ओरडली. मग काकींकडे न बघता म्हणाली, "नवे. आधी नवे कापतात, काकी."

"नक्की?"

"हो. जुने तळाशी राहतात."

काकींनी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. तिची नजर कार्डावरच होती. काकींनी वळलेल्या वाती ओंजळीत घेतल्या, उठल्या, उंबऱ्यापाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच थांबल्या.

"मग दोनशेच्या आत परत ये हां."