हनीसकाळ

"ही हनीसकाळ तोडू नका, साहेब," भागुबाई म्हणाली.

"हनीसकल!" निलेशसाहेबांनी दुरुस्त केलं. "आधी नाव तरी नीट घ्या."

"आमी सकाळच म्हंतो. नाव सकाळ आन वास सांजंला. लय लबाड वेल हाये ती."

"सोमवारी जेसीबी येतोय. सामान आवरून ठेवा."

लोणावळ्याचा हा बंगला साहेबांनी गेल्या वर्षी घेतला. बंगल्याबरोबर वीस वर्षं बाग राखणारी माळीण भागुबाईही आली. वेलीला लागूनच तिची खोली. वेल आणि खोली पाडून तिथे स्विमिंग पूल होणार होता. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्याला डुंबायला जागा हवी, म्हणून वर्षभर राहणारीने कुठे जायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. तिचं आडनावही त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी फोन आला. एका अत्तराच्या कंपनीला ही वेल तपासायची होती. रविवारी दुपारी पांढरा कोट घातलेल्या मॅडम रिक्षातून उतरल्या. हातात मोठं खोकं.

"दुपारचा वास न्हाई यायचा, मॅडम," भागुबाई पुढे झाली.

"मावशी, मधे बोलू नका."

साहेब खूश झाले. बाईला कोणीतरी गप्प केलं.

मॅडमनी खोक्यातून काचेचा घुमट काढला. वर धरायला काचेचंच बोंड. फुलांच्या एका घोसावर तो धरला, खालून नळी सरकवली आणि एक निळी मोटार सुरू केली. ती गुरगुरू लागली.

"या फुलाचं तेल सहजी निघत नाही," मॅडम मोबाईलकडे बघत म्हणाल्या. "म्हणून फुलाभोवतीची हवा पकडायची. तिच्यात काय काय आहे ते शोधायचं आणि तसाच वास लॅबमध्ये बनवायचा. बाटलीतली हनीसकाळ बहुतेक अशीच बनते."

हनीसकाळ? साहेब चमकले. मग त्यांनी मान डोलावली. शास्त्रीय उच्चार असेल. कोट घातला की माणूस बोलेल ते शास्त्र.

"हे गुलाबी काय लागलंय काचेला?"

"मेण. बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून."

मॅडमनी एक फूल तोडलं, बुडातून तंतू ओढला आणि टोकाला आलेला थेंब चोखला.

"हे कशाला?"

"गोडी मोजतेय."

साहेबांनी पुन्हा मान डोलावली.

"लिनालूल, म्हणजे सुवासाचं द्रव्य, भरपूर," मॅडमनी शेवटी निकाल दिला. "अशी वेल मावळात दुसरी नाही. दर मोसमात आम्ही इथली हवा नेऊ. बाटलीवर बंगल्याचं नाव टाकू."

"आणि माझं?"

"तुमचं तर मोठ्या अक्षरात. फक्त पन्नास फुटांत क्लोरीन नको. वास मरतो."

"म्हणजे पूल..."

"पूल की बाटली, तुम्ही ठरवा."

साहेबांनी तिथेच जेसीबीवाल्या विक्कीला फोन लावला. "सोमवारी येऊ नकोस. कधीच येऊ नकोस!"

"आणि माळीण बदलू नका," मॅडम म्हणाल्या. "वेल हात ओळखते."

"मावशी, ऐकलंत?" साहेबांनी दम भरला. "खोली सोडून कुठेही जायचं नाही!"

"जी," म्हणत भागुबाईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. बिचारीला रडू आलं, असं वाटून साहेबांनाच कसंनुसं झालं.

चारच्या सुमाराला साहेब मुंबईला निघाले. संध्याकाळचा नमुना घ्यायला मॅडम मागे थांबल्या.

गाडी वळणाआड गेली. मॅडमनी कोट काढून वेलीवर टाकला आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसकण मारली.

"आये, आता हसणं बास कर आन ते काचेचं झाकण धुऊन दे. सातच्या आत वडगावच्या बेकरीत पोचवायचंय, न्हाईतर शेठ म्हनंल केक उघडा का ठेवला."